पाठराखिणीचा शब्द

चंपाबाई परत आली की आधी पाणी मागायची. तांब्या उंच धरून अर्धा रिकामा करायची, पदरानं तोंड पुसायची आणि मगच बोलायची. तोवर मुलीची आई, बाप, चुलते सगळे तिच्या तोंडाकडं बघत उभे. पैठणच्या त्या गल्लीत तीस-पस्तीस वर्षं किती बापांनी तो तांब्या रिकामा व्हायची वाट पाहिली असेल, त्याची गणती नाही.

ती पाठराखीण म्हणून जायची. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरची एक जाणती बाई जाते. चार-पाच दिवस तिथं राहते, पोरीची वेणीफणी बघते, तिला रडू आलं तर पदर पुढं करते आणि मुराळी न्यायला आला की पोरीला घेऊन माहेरी येते. मग पोर चार दिवस आराम करून पुन्हा सासरी जाते. हे झालं वरवरचं काम. खरं काम डोळ्यांचं. सासू पोरीला भाकरी कशी वाढते, सासरा दारू पितो का, नवरा तिच्याशी बोलताना तिच्याकडं बघतो का भिंतीकडं, हे सगळं पाठराखिणीनं बघायचं आणि परत येऊन सांगायचं.

चंपाबाई फार सांगायची नाही. एकच शब्द बोलायची. घर चांगलं असलं की म्हणायची, "साखर हाय." म्हणजे पोर विरघळून जाईल, काळजी नको. "गूळ हाय," म्हटलं की समजायचं, गोड आहे पण फोडावा लागेल, वेळ लागेल. आणि "मीठ हाय," म्हणाली, तर बापानं पोरीला परत पाठवण्याआधी दहांदा विचार करायचा. मीठ ती फार क्वचित म्हणाली. एका सुताराच्या पोरीबद्दल म्हणाली होती. सुतारानं पोर पाठवली नाही. लोक चंपाबाईला नाही नाही ते बोलले. पुढं सहा महिन्यांत त्या नवरदेवाची आधीची बायको आणि दोन लेकरं उघडकीला आली, तेव्हा सुतार चंपाबाईच्या दारात येऊन पायरीवर डोकं ठेवून गेला.

खरं तर सुरुवातीला तिला कुणी बोलवत नसे. चंपाबाई स्वतः माहेरी राहिलेली होती. सतराव्या वर्षी लग्न झालं आणि पाचव्या दिवशी माहेरी आली ती परत सासरी गेलीच नाही. नवऱ्यानं टाकली, असं सगळे म्हणायचे. कुंकू मात्र ती लावायची, कारण नवरा जिवंत होता. अशा बाईला नव्या नवरीसोबत कोण पाठवणार? पण एका लग्नात ठरलेली पाठराखीण ऐन वेळी तापानं फणफणली, गाडी दारात उभी, आणि रिकामी बाई एकच होती. तिथून जे सुरू झालं ते सुरू झालं. टाकलेल्या बाईला दुसऱ्याचं घर बरोबर वाचता येतं, असं पुढं तेच लोक म्हणू लागले.

सुरेखाची ती सख्खी आत्या. सुरेखाची आई काविळीनं गेली तेव्हा सुरेखा चार वर्षांची होती. त्यानंतर तिला न्हाऊमाखू घालणं, शाळेच्या दारापर्यंत पोचवणं, गालगुंड झालं तेव्हा लेप लावून रात्रंदिवस मांडीवर घेणं, हे सगळं आत्यानं केलं. सुरेखाचं लग्न लासूर स्टेशनच्या साहेबरावशी झालं, तेव्हा पाठराखीण कोण, हा प्रश्नच नव्हता. पाच दिवसांनी दोघी परत आल्या. सुरेखा ओसरीवर मैत्रिणींना जोडवी दाखवत बसली होती आणि आत आत्यानं पाणी पिऊन सांगितलं होतं, "साखर हाय."

तो शब्द सुरेखानं बाहेर ऐकला. सव्वीस वर्षं ती त्या शब्दावर जगली, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. साहेबराव अबोल होता. बाजार समितीत मापाडी होता, दिवसभर पोती मोजायचा आणि घरी आल्यावर शब्दही मोजूनच वापरायचा. नव्या नवरीला असला अबोला जड जातो. पण सुरेखा स्वतःला म्हणायची, आत्यानं पाहिलंय, आत्या चुकत नाही, घर साखर आहे. आणि मग तिला साखर दिसायचीही. दर बाजारच्या दिवशी साहेबराव कागदाच्या पुडीत गुळाची गोड गुडीशेव आणायचा. हातात द्यायचा नाही, काही बोलायचा नाही, कोनाड्यात ठेवायचा आणि हातपाय धुवायला निघून जायचा. त्या पुडीनं ते पहिलं वर्ष सुरेखाला पुरलं. पुढं प्रेरणा झाली, साहेबरावला वाळूजला कंपनीत नोकरी लागली, शहरात उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांचं घर झालं, त्याला मधुमेह निघाला आणि गुडीशेव बंद झाली. पण प्रेम म्हणजे काय असं सुरेखाला कुणी विचारलं असतं, तर तिनं त्या कोनाड्याकडं बोट दाखवलं असतं.

यंदाच्या वैशाखात प्रेरणाचं लग्न ठरलं. मुलगा वैजापूरचा, सुदर्शन नावाचा, कृषी केंद्र चालवणारा. लग्नाच्या पंधरा दिवस आधी साहेबरावची मोठी बहीण सत्यभामा मदतीला म्हणून लासूरहून येऊन राहिली. मदत म्हणजे ती खुर्चीवर बसून लसूण सोलायची आणि प्रत्येक गोष्टीत कसं चुकतंय ते सांगायची, पण मनाची मोकळी बाई.

त्या दिवशी तिघी शेजारच्या गुलशनभाभीकडं ब्लाउजची मापं द्यायला गेल्या होत्या. गुलशनभाभीचं शिलाई मशीन खिडकीशी होतं. ती प्रेरणाच्या छातीला टेप लावून म्हणाली, "जरा सांस छोड बेटा. शादी के बाद तो वैसेच फूलने वाली है, दो टाके ढीले रखती मैं."

"भाभी!" प्रेरणा ओरडली.

"गुलशन बराबर बोलते," सत्यभामा म्हणाली. "बरं सुरेखा, पाठराखीण कोन जानार ते ठरलं का? का तेबी मोबाईलवर?"

"चंपाआत्या, आणखी कोण," सुरेखा म्हणाली. "तिचा हा शेवटचा फेरा म्हणते. पिशवी भरून बसलीय महिन्यापासून."

"चंपाबाईच पाह्यजे! असली पाठराखीण मिळायला नशीब लागतं बाई. पोटात घालनारी. आमच्या साहेबाचं तिनं तवा पोटात घातलं नसतं, तर तू आज इथं असतीस व्हय?"

गुलशनभाभीचा टेप थांबला. सुरेखानं हसत विचारलं, "काय पोटात घातलं अक्का?"

"हेच की ते. तिसऱ्या दिवशी गोठ्यात त्यानं तिला म्हनलं, हिला घेऊन जा, माजं मन दुसरीकडं हाय. दवाखान्यातली ती नर्स नव्हती का? आपल्या जातीची नाही म्हनून आमच्या वडलांनी उडवून लावलं होतं. मी हौदावर धुनं धूत व्हते, माज्या कानानं ऐकलं. चंपाबाई म्हनाली, एक वरीस सांभाळ. वरसानं नाही जमलं तर मी सोता येऊन पोर घेऊन जाते." सत्यभामानं वर पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "अगं, तुला ठावं नाही? सव्वीस वरसं झाली की गं! मला वाटलं, नवऱ्यानं कवाच सांगितलं असंल."

सुरेखा म्हणाली, "भाभी, बाह्या कोपरापर्यंत ठेवा." ती प्रेरणाची उरलेली मापं संपेपर्यंत तिथं बसली, कापडं मोजून दिली आणि घरी आली.

साहेबराव कंपनीतून आला तेव्हा दिवस मावळायचा होता. त्यानं कपडे बदलले आणि गॅलरीत कूलरमध्ये पाणी भरायला लागला. सुरेखा दारात उभी राहिली.

"तुम्ही आत्याला म्हटलं होतं का, हिला घेऊन जा?"

त्यानं वळून पाहिलं नाही. पाइपातून पाणी पडत राहिलं. टाकी भरली, पाणी काठावरून फरशीवर आलं, त्याच्या पायाखाली गेलं, तेव्हा त्यानं नळ बंद केला.

"व्हय," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? वर्षानं आत्या आल्या. विचारलं मला. मी म्हटलं, राहू द्या."

"का राहू द्या?"

"का म्हंजे?" साहेबराव चिडला. त्याला उत्तर येत नसलं की तो चिडायचा. "सव्वीस वर्षांनी तू विचारणार म्हणून तवा लिहून ठेवायचं व्हतं का?"

सुरेखाला ती पंचमी आठवली. आत्या बांगड्या आणि लाह्या घेऊन अचानक लासूरला आली होती. सुरेखाला कोण आनंद झाला होता. दाराबाहेर कडुलिंबाखाली आत्या आणि साहेबराव बराच वेळ बोलत उभे होते, आणि आपला मुका नवरा आपल्या आत्याशी किती मानानं बोलतोय, म्हणून तिला अभिमान वाटला होता. तिनं चहात जास्तीचं आलं घातलं होतं. बाहेर कडुलिंबाखाली तिचा निकाल लागत होता आणि आत ती आलं किसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती पैठणला गेली. बाप जाऊन आठ वर्षं झाली होती. घरात भाऊ-भावजय, पण ती दोघं शेतात गेलेली. आत्या ओट्यावर गहू निवडत बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, एवढीशी झालेली, पण सुपाला हात लागला की अजून सगळे खडे एका कडेला.

"आलीस व्हय? बस. मला वाटलं, पाठराखिणीला न्यायला गाडी-बिडी पाठवशील," आत्या हसली. "पिशवी बघ, भरून ठेवली. नवं लुगडंबी घेतलंय."

सुरेखा बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "आत्या, माझं घर साखर होतं?"

आत्याचे हात थांबले. तिनं सुरेखाच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं. खोटं बोलायचा तिनं प्रयत्न केला नाही, एवढं सुरेखानंही पुढं मान्य केलं.

"कुनी सांगितलं? सत्यभामेनं?"

"कुणी का सांगेना. तू नाही सांगितलंस."

"बस तरी."

"मी एक वर्ष परीक्षेला बसले होते आत्या. घरादाराला माहीत होतं. नणंदेला माहीत होतं. गोठ्यातल्या जनावरांना माहीत होतं. मला नव्हतं! मी त्या घरात नाचत होते की गं. सणाला रांगोळ्या काढत होते."

आत्यानं सूप बाजूला सारलं. "तुला म्हाईत असतं तर तू नाचली असतीस का? तोंड पाडून बसली असतीस. त्यानं वरसभरात कंटाळून सोडली असती."

"म्हणून लपवलंस?"

"व्हय."

"गल्लीतल्या एवढ्या पोरींबद्दल खरं सांगितलंस. सुताराच्या पोरीबद्दल सांगितलंस. आणि मी तुझ्या मांडीवर वाढले तर माझ्या वेळी..."

आत्यानं गव्हातला एक खडा उचलून खाली टाकला. मग म्हणाली, "मला नवऱ्यानं टाकली न्हवती, सुरे."

सुरेखाला वाटलं, म्हातारी विषय बदलतेय.

"माज्यासंगं आमची थोरली मामी पाठराखीण म्हनून आली व्हती. लई खरी बाई. तिनं पाह्यलं, पोराचं मन दुसरीत गुंतलंय. खरं व्हतं ते. पाचव्या दिवशी इथं येऊन तिनं माज्या बापाला सांगितलं. बापानं मला परत पाठवलंच न्हाई. नवरा मुराळी पाठवत ऱ्हायला, दोनदा सोता आला. बाप म्हनला, आमची पोर उकिरड्यावर पडली न्हाई. मला कुनी इचारलं? पाच दिसांत मला त्याच्या चपलांचा आवाज वळखू यायला लागला व्हता. गल्लीतून दहा मानसं जायची, मला कळायचं ह्यो आला." तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं. "तीन वरसांनी त्यानं दुसरी केली. ती आधीची न्हवे, तिसरीच. लई चांगला नांदला तिच्यासंगं. चार लेकरं झाली. ज्या बाईत मन गुंतलं व्हतं ती तर त्याला आठवतबी नसंल. वरीसभर दम धरला असता तर ती चार लेकरं माजी असती."

ओट्यावरून एक शेळी गेली. दोघींपैकी कुणी तिला हाकललं नाही, ती गव्हात तोंड घालून चार दाणे खाऊन गेली.

"मामी खरं बोलली आन् माजा जन्म इथं गेला," आत्या म्हणाली. "तुज्या वेळंला माज्या तोंडात मीठ आलं व्हतं. मी गिळलं."

कुणालाही पाझर फुटावा अशी ती गोष्ट होती. सुरेखालाही फुटला असता, दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर. पण तिच्या मनात एकच धरून बसलं होतं. तिनं विचारलं, "गुडीशेव तू सांगितली होतीस?"

"काय?"

"बाजारच्या दिवशी. पुडी."

आत्यानं डोळे मिटले.  "व्हय. मी म्हनलं त्याला, काई बोलता येत नसंल तर पोरीला गुडीशेव आवडती, तेवढी आनत जा. पयली पुडी माज्या सांगन्यावरनं. पुडच्या त्याच्या त्यानं आनल्या."

"तुला काय माहीत, पुढच्या त्याच्या त्यानं आणल्या ते?"

 हे बहुतेक साहेबरावलाही सांगता आलं नसतं. कोणत्या बाजारी सांगितलेलं संपलं आणि आपलं सुरू झालं, हे माणसाला स्वतःला तरी कुठं कळतं? पण सुरेखाला त्या दिवशी असा विचार सुचणं शक्य नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की ज्या एका गोष्टीवर तिनं सगळा संसार तोलून धरला होता, ती गोष्ट दुसऱ्यानं शिकवलेली होती.

"आत्या, तू माझ्याशी खेळलीस," ती म्हणाली. "तुला नांदायचं होतं, ते तू माझ्यात नांदून घेतलंस. प्रेरणासोबत तू जायचं नाही."

"बरं," आत्या म्हणाली. आणि मग, सुरेखा पायऱ्या उतरताना, हळूच, "गव्हाच्या कुरडया केल्यात. तेवढ्या घेऊन जा."

सुरेखानं नेल्या नाहीत.

पुढचा आठवडा घरात लग्नाची घाई होती आणि नवरा-बायकोत बोलणं नव्हतं. साहेबरावला काय करावं कळेना. रविवारी तो बाजारातून आला आणि त्यानं फ्रीजवर कागदाची पुडी ठेवली. सोळा वर्षांनी. ठेवून तो पूर्वीसारखा हातपाय धुवायला निघून गेला नाही, तिथंच उभा राहिला.

सुरेखानं पुडी उघडून पाहिली. "हे कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायचं?"

"अक्कांनी?"

"नाही गं."

"प्रेरणानं?"

 साहेबराव गॅलरीत जाऊन बसला. पुडी तशीच फ्रीजवर राहिली. दोन दिवसांनी तिला मुंग्या लागल्या, तेव्हा सत्यभामानं पुटपुटत ती बाहेर टाकली.

प्रेरणाला सगळं कळलं होतं. ब्लाउजच्या मापाच्या दिवशी ती तिथंच होती. लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा ती आईला म्हणाली, "मम्मी, मला पाठराखीण म्हणून आत्याआजीच पाहिजे."

"ती नाही."

"तीच. तिला दिसतं गं. बाकीच्या येऊन जेवून जातील, साडी घेऊन परत येतील."

"दिसतं, पण सांगते का?"

"मग तिनं मलाच सांगावं ना. तुला कशाला, पप्पांना कशाला? राहायचंय मला."

सुरेखा दळण चाळत होती. ती थांबली. एवढी साधी गोष्ट. गल्लीतल्या कुठल्याच पाठराखिणीनं कधी नवरीला काही सांगितलं नव्हतं. पाण्याचा तांब्या नेहमी आत, बापासमोर रिकामा व्हायचा आणि नवरी ओसरीवर जोडवी दाखवत बसायची. सुरेखानं पैठणला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली, "यायचं असलं तर ये. पण एक अट आहे. जे दिसेल ते आधी पोरीला सांगायचं. मला नाही, तिच्या बापाला नाही."

 पलीकडून आत्या म्हणाली, "येते."

लग्न झालं. मुलगी सोपवायच्या, दिव्यांची झाल डोक्यावर ठेवायच्या वेळी सत्यभामा सगळ्यांत मोठ्यानं रडली. गाडीत प्रेरणाच्या शेजारी नवं लुगडं नेसलेली चंपाबाई बसली. वैजापूरहून चार दिवस प्रेरणाचे मेसेज येत राहिले. 'आजी रात्रभर घोरते, सासूबाई हॉलमध्ये झोपायला गेल्या.' 'आजीनं सुदर्शनला विचारलं, तुला भाकरी थापता येते का.' सुरेखा ते वाचायची आणि फोन पालथा ठेवायची.

पाचव्या दिवशी साहेबराव दोघींना घेऊन आला. चंपाबाई चप्पल काढून आत आली, भिंतीशी टेकून बसली आणि सवयीनं म्हणाली, "पाणी दे गं."

सुरेखानं तांब्या दिला. आत्यानं अर्धा रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं. सत्यभामा लसूण सोलायची थांबली. साहेबराव दारात थांबला. आत्यानं सगळ्यांकडं पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला. 

"अवं चंपाबाई, काय ते सांगा की," सत्यभामा म्हणाली. "जीव टांगनीला लावता का?"

"पोरीला सांगितलंय," आत्या म्हणाली.

प्रेरणा मेंदीचा हात नाचवत म्हणाली, "तिसऱ्या दिवशीच सांगितलं आजीनं. गच्चीवर नेऊन. गूळ आहे म्हणाली. पोरगा चांगला आहे, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. फोडायला एक-दोन वर्षं लागतील, दात सांभाळून फोड म्हणाली." आणि ती हसली. "मी म्हटलं, चालेल. माहीत असलं की काही वाटत नाही."

सगळे हसले. साहेबरावही हसला. सुरेखा स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. आत्यानं अट पाळली होती, शब्दन् शब्द. पोरीला गच्चीवर नेऊन, समोर बसवून, खरं सांगितलं होतं. आणि पोर मोडली नव्हती, पळून आली नव्हती, हसत होती. म्हणजे सांगता आलं असतं. एवढं सोपं होतं. लासूरच्या घरालाही एक गच्ची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरेखा आत्याला बस स्टँडवर सोडायला गेली.  पैठणची गाडी फलाटावर लागलेली होती. सुरेखानं तिला खिडकीची जागा धरून दिली, पिशवी मांडीवर दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभी राहिली. कंडक्टर अजून चहा पीत होता.

"जा तू आता," आत्या म्हणाली. "ऊन लई हाय."

सुरेखा हलली नाही. "आत्या, एक विचारते. तेव्हा मला गच्चीवर नेलं असतंस, तर काय सांगितलं असतंस? गूळ?"

आत्यानं खिडकीच्या गजाला धरलं. हाताच्या शिरा वर आल्या होत्या. सुरेखाला वाटलं, आता म्हातारी गूळ म्हणेल. मनातून तिला तेच ऐकायचंही होतं. एवढं खोटं तिनं खपवून घेतलं असतं.

"मीठ," आत्या म्हणाली.

कंडक्टर आला, घंटीची दोरी ओढली. गाडी मागं सरली, वळली. खिडकीतून आत्या तोंड काढून बघत होती, काही म्हणतही असावी, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

सुरेखा फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर बसली. घरी प्रेरणाला पुन्हा सासरी पाठवायची तयारी पडली होती, अनारसे तळायचे होते, साहेबरावची गोळीची वेळ झाली होती. पण सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच आत्यानं तिला तिच्या घराचा खरा शब्द सांगितला होता, आणि तो ऐकून लगेच उठून त्याच घरी जाणं तिला जमेना. पैठणची पुढची गाडी लागली, भरली आणि गेली, तरी ती बसून होती.